काठी कोणत्या हातात धरावी?

बालरोगतज्ज्ञाने वृद्धांच्या काठीवर लेख लिहावा, याचे स्मरणिकेच्या काही वाचकांना नवल वाटेल. ज्यांच्यावर मी उपचार करतो ती मंडळी एकतर चालायला शिकत असतात, नाहीतर नुकतीच धावू लागलेली असतात. परंतु आमच्या प्रतीक्षाकक्षात मूल एकटे कधीच येत नाही. आई-वडील नोकरीवर गेलेले असतात आणि नातवाला ताप आला, नातीला लस द्यायची असली की त्यांना घेऊन येतात ते आजी किंवा आजोबा. गेली पंचवीसएक वर्षे इंदूरमधील माझ्या दवाखान्यात मी ही मंडळी पाहत आलो आहे. मूल तपासण्याआधी त्याला घेऊन येणाऱ्याची चाल माझ्या नजरेत भरते. त्यांच्यापैकी ज्यांच्या हाती काठी असते, त्यांतील पुष्कळांच्या ती चुकीच्या हातात असते.

उजवा पाय दुखतो म्हणून काठी उजव्या हातात, डावा दुखतो म्हणून डाव्या हातात, असा हा सर्वसाधारण समज आहे. तो वरकरणी पटण्यासारखाही आहे. भिंत ज्या बाजूला कलली असेल त्याच बाजूने टेकू लावायचा असतो, मग पायाला वेगळा न्याय का, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात खुबा, गुडघा किंवा घोटा दुखत असता काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी लागते. उजवा पाय दुखत असेल तर डावा हात. डावा दुखत असेल तर उजवा. हा नियम अस्थिरोगतज्ज्ञांना व भौतिकोपचारतज्ज्ञांना पाठ आहे. परंतु तो तसा का आहे हे रुग्णाला कळले नाही, तर चार दिवसांत काठी पुन्हा जुन्या हातात जाते. म्हणून प्रस्तुत लेखात आधी कारण आणि मग कृती, असा क्रम ठेवला आहे.

खुबा आणि कावड

खुब्याचा सांधा हा उखळीचा सांधा आहे. मांडीच्या हाडाचे गोल डोके कटीच्या हाडातील खोबणीत बसलेले असते. दोन्ही पायांवर स्वस्थ उभे असताना शरीराचा भार दोन्ही खुब्यांवर सारखा वाटला जातो. परंतु चालणे म्हणजे एका पायावरून दुसऱ्या पायावर जात राहणे. प्रत्येक पावलात असा काळ येतो की एक पाय हवेत असतो आणि सर्व भार दुसऱ्या पायाच्या खुब्यावर असतो. त्या वेळी त्या खुब्यावर किती भार येतो? साठ किलोच्या माणसाच्या खुब्यावर साठ किलो, असे उत्तर कोणीही देईल. ते उत्तर बरोबर नाही.

श्रावणात नर्मदेचे जल घेऊन उज्जैनला महाकालाकडे निघालेले कावडिये आपण इंदूरकर दरवर्षी पाहतो. कावडीच्या दोन्ही टोकांना सारख्या वजनाच्या घागरी असतील तर खांदा बरोबर मध्ये ठेवावा लागतो. खांदा एका टोकाच्या जवळ सरकवला तर त्या आखूड बाजूला अधिक वजन टांगावे लागेल, तेव्हाच कावड आडवी राहील. आणि खांद्याला सोसावी लागेल ती दोन्ही टोकांच्या वजनांची बेरीज.

एका पायावर उभे राहिले की आपल्या कटीची अशीच कावड होते. टेकलेल्या पायाच्या मांडीच्या हाडाचे डोके हा तिचा खांदा. आतल्या बाजूला, म्हणजे शरीराच्या मध्याकडे, उरलेल्या शरीराचा भार असतो. बाहेरच्या बाजूला असतात खुब्याच्या बाजूचे स्नायू, ज्यांत ग्लुटियस मीडियस हा प्रमुख. हे स्नायू कटीला खाली ओढून धरतात म्हणून हवेतील पायाची बाजू खचत नाही. आता अडचण अशी की ही कावड मध्यावर तोललेली नाही. शरीराचा गुरुत्वमध्य खुब्यापासून सुमारे १० सेंटिमीटर आत असतो, तर स्नायूंचा जोर लागतो तो खुब्यापासून सुमारे ५ सेंटिमीटर बाहेर. स्नायूंच्या वाट्याला आखूड बाजू आली असल्यामुळे त्यांना दुप्पट ओढावे लागते.

माणसाचे वजन ६० किलो धरू. टेकलेल्या पायाचे स्वतःचे वजन सुमारे १० किलो. ते खुब्याच्या खाली असल्यामुळे वजा करू. उरले ५० किलो. हे ५० किलो १० सेंटिमीटरवर तोलण्यासाठी ५ सेंटिमीटरवरील स्नायूंना १०० किलोचा जोर लावावा लागतो. खुब्यावरील एकूण भार झाला १५० किलो, म्हणजे शरीराच्या वजनाच्या अडीच पट. अंतरे येथे सोयीसाठी पूर्णांकांत घेतली आहेत. व्यक्तिपरत्वे ती थोडी बदलतात. परंतु हिशेब फारसा चुकलेला नाही. बर्लिन येथील गेऑर्ग बर्गमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कृत्रिम खुब्यातच मोजमापाची यंत्रणा बसवून २००१ साली जे आकडे प्रसिद्ध केले, त्यांत ताशी सुमारे ४ किलोमीटर वेगाने चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे २.४ पट भार आढळला. जिना चढताना तो सुमारे २.५ पट, तर उतरताना सुमारे २.६ पट होता.

झिजलेल्या सांध्यावर प्रत्येक पावलाला असे दीडशे किलो पडत असतील तर तो दुखणारच. आणि यातील बराच मोठा वाटा शरीराच्या वजनाचा नसून, ते वजन तोलून धरणाऱ्या स्नायूंच्या ओढीचा आहे. काठीचे काम ही ओढ कमी करणे हे आहे.

विरुद्ध हाताची किमया

उजवा खुबा दुखतो असे समजू आणि काठी डाव्या हातात देऊ. डावा हात उजव्या खुब्यापासून सुमारे ५० सेंटिमीटर दूर असतो. कावडीच्या लांब टोकाला दुरून कोणी हाताचा आधार द्यावा, तसा हा आधार. इतक्या अंतरावरून काठीवर केवळ ६ किलोचा दाब दिला तर काय होते? ६ गुणिले ५० म्हणजे ३००. शरीराचा भार होता ५० गुणिले १०, म्हणजे ५००. त्यातले ३०० काठीने पेलले. स्नायूंना उरले २००. ते ५ सेंटिमीटरवरून तोलायला ४० किलोचा जोर पुरतो. खुब्यावरील भार आता ५० वजा ६ अधिक ४०, म्हणजे ८४ किलो. दीडशेवरून चौऱ्याऐंशी! हाताने दिले सहा किलो आणि खुब्यावरून उतरले सहासष्ट.

आता तीच काठी उजव्या हातात, दुखऱ्या खुब्याच्याच बाजूला देऊ. तेथे काठीचा जोर खुब्याच्या बाहेरून वर लागतो. तो कटीची बाहेरची बाजू उचलतो आणि आतली बाजू अधिकच खाली जाऊ पाहते. म्हणजे ही काठी स्नायूंच्या मदतीला न येता त्यांच्याविरुद्ध काम करते. हे टाळण्यासाठी माणूस संपूर्ण धड काठीवर झोकतो. भार तसा थोडा हलका होतो, परंतु प्रत्येक पावलाला शरीर एका बाजूला हेलकावत राहते. कंबर दुखू लागते, खांदा भरून येतो आणि तोल जाण्याचा धोका वाढतो. काठीने काही फायदा झाला नाही, अशी तक्रार करणाऱ्यांची काठी कोणत्या हातात आहे, हे आधी पाहावे.

हा हिशेब स्थिर उभ्या माणसाचा आहे. चालताना काठी नेमक्या क्षणी आणि नेमक्या जोराने टेकली जातेच असे नाही, त्यामुळे लाभ थोडा उणा पडतो. तरीही तो इतका मोठा आहे की दुसऱ्या कोणत्याही साध्या उपायाने तो साधणे कठीण.

विरुद्ध हाताला आणखी एक नैसर्गिक आधार आहे आणि तो मला माझ्याच विषयात रोज दिसतो. आठ-नऊ महिन्यांचे रांगणारे मूल पाहा. उजवा हात पुढे टाकते तेव्हा त्याचा डावा गुडघा पुढे येतो. डाव्या हाताबरोबर उजवा. मोठेपणी चालतानाही आपला उजवा हात डाव्या पायाबरोबर पुढे झुलतो. दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात काठी घेतली की ती या जन्मजात तालातच पुढे पडते. त्यामुळे आरंभीचे एक-दोन दिवस गेले की ही चाल अवघड वाटत नाही.

या शास्त्राचा थोडा इतिहास

खुब्यावरील भाराचे हे गणित जर्मनीतील अस्थिशल्यविशारद फ्रीडरिश पाउवेल्स यांनी १९३५ च्या सुमारास विस्ताराने मांडले. त्याआधी १८९५ साली फ्रीडरिश ट्रेंडेलेनबुर्ग यांनी खुब्याच्या बाजूचे स्नायू निकामी असता एका पायावर उभे राहिल्यावर दुसरी बाजू खचते, हे लक्षण वर्णिले होते. जन्मतः निखळलेल्या खुब्याच्या मुलांत आम्ही बालरोगतज्ज्ञ ते आजही शोधतो. १९५६ साली अमेरिकेतील डॉ. वॉल्टर ब्लाउंट यांनी अस्थिशल्यचिकित्सेच्या प्रतिष्ठित नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकाचा आशय ‘काठी फेकून देऊ नका’ असा होता. लहान मुलांच्या पायांना बाक येण्याच्या ज्या विकाराला ब्लाउंटचा रोग म्हणतात, ते हेच ब्लाउंट. म्हणजे काठीचा हा कैवारी मुलांच्या अस्थिविकारांचाही जाणकार होता.

पुढे १९६२ साली इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी कृत्रिम खुब्याची शस्त्रक्रिया यशस्वी रूपात आणली आणि असंख्य रुग्णांचे दुःख दूर झाले. तरी काठी कालबाह्य झालेली नाही. शस्त्रक्रियेची वेळ येईपर्यंत, शस्त्रक्रियेनंतरच्या काही आठवड्यांत, आणि हृदयविकार किंवा अन्य कारणाने ज्यांना शस्त्रक्रिया झेपणार नाही त्यांना कायमची, तिची गरज असतेच. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत, खुबा वा गुडघा झिजल्यामुळे चालण्यात पुरेशी अडचण येत असेल तर काठी वापरण्याची शिफारस ठामपणे केली आहे.

गुडघ्यासाठीही विरुद्ध हाताचाच नियम आहे. आपल्याकडे गुडघ्याची झीज बहुधा आतल्या बाजूला अधिक असते आणि विरुद्ध हातातील काठीने त्याच बाजूचा भार हलका होतो. गुडघे झिजलेल्या रुग्णांवर ब्राझीलमध्ये झालेली एक चाचणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. रोज काठी वापरणाऱ्यांच्या वेदना दोन महिन्यांत कमी झाल्या आणि चालणे सुधारले. पहिल्या महिन्यात काठीसह चालायला शक्ती जास्त खर्च होते, पण पुढे शरीर तिला सरावते, असेही तीत दिसले. म्हणून आठ दिवसांत ‘दमायला होते’ म्हणून काठी सोडू नये.

काठीची लांबी

दुकानातून आणलेली किंवा वडिलांच्या मागे घरात राहिलेली काठी आपल्या मापाची असेलच असे नाही. माप घेण्याची रीत सोपी आहे. नेहमीची पादत्राणे घालून ताठ उभे राहावे. दोन्ही हात बाजूला सैल सोडावेत. मनगटावर जेथे आडवी रेघ असते, त्या उंचीला काठीची मूठ आली पाहिजे. अशी काठी पावलाच्या थोडी बाजूला टेकून मूठ धरली की कोपर साधारण २० ते ३० अंशांत वाकतो. त्या किंचित वाकलेल्या कोपरामुळेच खाली जोर देता येतो.

लाकडी काठी कापून घ्यायची असेल तर तळाची रबरी टोपी काढावी, काठी उलटी करून मूठ जमिनीवर टेकवावी आणि मनगटाच्या रेघेशी खूण करावी. कापताना टोपीच्या तळाची जाडी तेवढी वजा करावी. हे माप दुसऱ्या कोणीतरी घ्यावे. स्वतः वाकून पाहायला गेले की ते चुकते.

काठी उंच झाली तर खांदा वर चढतो, मान आखडते आणि दाब देता येत नाही. आखूड झाली तर माणूस पुढे वाकतो. खेड्यातील लाठी किंवा नर्मदा परिक्रमेतील साधकांच्या हातचा छातीपर्यंतचा दंड ओबडधोबड वाटेवर तोल सांभाळायला उत्तम. परंतु छातीपाशी धरलेल्या काठीवर खाली जोर देता येत नाही, म्हणून दुखऱ्या खुब्याला तिचा लाभ थोडा.

चालावे कसे

पहिला नियम असा की काठी आणि दुखरा पाय यांची जोडी मोडू नये. दोघे एकाच वेळी पुढे जातात आणि एकाच वेळी टेकतात. नंतर चांगला पाय त्यांच्या पुढे जातो. ज्यांना फार अशक्तपणा आहे त्यांनी आरंभी तीन टप्पे करावेत: काठी, मग दुखरा पाय, मग चांगला पाय. सराव झाला की पहिले दोन एकत्र येतात.

दुसरा नियम, काठी जवळ टेकावी. चांगल्या पायाच्या बाजूला, पावलापासून सुमारे १५ सेंटिमीटर बाहेर आणि दुखऱ्या पावलाच्या रेषेत किंवा किंचित पुढे. फार पुढे टाकली की ती घसरते आणि माणूस तिच्यामागे ओढला जातो. फार जवळ टेकली की पायात येते.

तिसरा नियम, काठी नुसती टेकवायची नसते, तिच्यावर जोर द्यायचा असतो. दुखऱ्या पायावर भार येतो त्याच क्षणी तळहाताने मूठ खाली दाबावी. किती दाबावी, हे सांगून समजत नाही. त्यासाठी घरातील वजनकाटा घ्यावा, खुर्चीजवळ उभे राहून काठीचे टोक त्यावर ठेवावे आणि काटा सहा-सात किलो दाखवील इतके दाबून पाहावे. माझ्या दवाखान्यात मोठ्या मुलांसाठी जो काटा आहे, त्यावर मी कितीतरी आजोबांकडून हा प्रयोग करवून घेतला आहे. एवढ्याशा दाबाने काम भागते याचे त्यांना आश्चर्य वाटते.

दृष्टी पायांकडे नसावी. चार-पाच पावलांपुढे असावी. सोबतीला कोणी चालत असेल तर त्याने दुखऱ्या बाजूला आणि अर्धे पाऊल मागे राहावे. दंड धरून ओढू नये.

जिन्यासाठी मराठीत लक्षात ठेवायला सोपे असे एक सूत्र मी सांगत असतो: चढताना चांगला, उतरताना उणा. चढताना आधी चांगला पाय वरच्या पायरीवर ठेवावा, कारण शरीर वर उचलण्याचे काम त्याला करायचे आहे. मग दुखरा पाय आणि काठी त्याच पायरीवर आणावी. उतरताना आधी काठी व दुखरा पाय खालच्या पायरीवर जातात आणि शरीर हळूच खाली सोडण्याचे काम वर राहिलेला चांगला पाय करतो. कठडा असेल तर एक हात कठड्यावर अवश्य ठेवावा. अशा वेळी काठी दुसऱ्या हातात घ्यावी, मग तो दुखऱ्या बाजूचा असला तरी चालेल. जिन्यावर पक्का कठडा काठीपेक्षा श्रेष्ठ. आपल्या जुन्या वाड्यांतील अरुंद, उंच पायऱ्यांच्या जिन्यांना दोर किंवा नळीचा कठडा लावून घेणे, ही घरातील ज्येष्ठांसाठी करण्याजोगी पहिली दुरुस्ती होय.

खुर्चीतून उठताना काठीवर लोंबकळू नये. खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर देऊन उभे राहावे, तोल सावरावा आणि मग काठी घ्यावी.

बाजारातून येताना हातात पिशवी असते. काठी चांगल्या बाजूच्या हातात असल्यामुळे पिशवी आपोआप दुखऱ्या बाजूच्या हातात येते. ते योग्यच आहे. विरुद्ध हातातील पिशवी कावडीच्या लांब टोकाला टांगल्यासारखी असते आणि दुखऱ्या खुब्यावरील ओढ वाढवते. त्याच बाजूची पिशवी तशी वाढवत नाही. जड ओझे मात्र कोणत्याच हातात नको. खांद्यावरून पाठीला लावण्याची छोटी थैली सर्वांत सोयीची.

कोणती काठी घ्यावी

अर्धगोल मुठीची पारंपरिक काठी दंडावर अडकवता येते, परंतु तिच्यावर तळहात सपाट बसत नाही. ज्यांना खरोखर भार द्यायचा आहे त्यांना आडव्या, रुंद मुठीची काठी बरी. ॲल्युमिनियमच्या काठीची लांबी कळ दाबून कमी-जास्त करता येते. मात्र कळ छिद्रात पूर्ण बसली आहे ना, हे पाहावे. घडीच्या काठीचे सांधे ढिले झाले तर ती वापरू नये. चार पायांची काठी पक्षाघाताच्या रुग्णांना उपयोगी असते. चारही पाय एकाच वेळी टेकले पाहिजेत, त्यामुळे तिने भरभर चालता येत नाही.

सर्वांत महत्त्वाची वस्तू सर्वांत स्वस्त आहे, ती म्हणजे तळाची रबरी टोपी. तिच्या तळाच्या खाचा झिजून गुळगुळीत झाल्या की ती बदलावी. पॉलिश केलेल्या फरशीवर, ओल्या संगमरवरावर झिजलेली टोपी म्हणजे पडण्याचे निमंत्रण. न्हाणीघरात काठीपेक्षा भिंतीतील दांड्यावर भरवसा ठेवावा. रात्री काठी पलंगाशी, हात पोहोचेल अशी असावी आणि मार्गावर सतरंजीची दुमडलेली कड किंवा पायपुसणे नसावे.

विरुद्ध हाताच्या नियमाला अपवादही आहेत. पक्षाघाताने एक हात लुळा असेल तर काठी चांगल्याच हातात राहणार. वेदना नसून केवळ तोल जात असेल तर कोणताही सोयीचा हात चालतो. दोन्ही पाय दुखत असतील तर जो अधिक दुखतो त्याच्या विरुद्ध हात घ्यावा. एका काठीने भागत नसेल, म्हणजे तिच्यावर सर्व अंग टाकावे लागत असेल, तर वॉकर घेण्याची वेळ आली आहे असे समजावे.

काठीआधी निदान

येथे बालरोगतज्ज्ञ म्हणून दोन शब्द आवर्जून सांगावेसे वाटतात. लंगडणाऱ्या मुलाला आधार देण्याआधी कारण शोधावे लागते. ताप आहे, मूल पाय हलवू देत नाही, पायावर उभे राहत नाही, अशा वेळी खुब्याच्या सांध्यात पू झालेला असू शकतो आणि तेथे काही तासांचा विलंबही सांध्याचे कायमचे नुकसान करतो. चार ते आठ वर्षांच्या मुलात, वेदना थोडी आणि लंगडणे अधिक असेल तर मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा मंदावणारा पर्थेस विकार ध्यानात घ्यावा. स्थूल किशोरवयीन मुलात हाडाचे डोके वाढीच्या कूर्चेपाशी सरकते. या सर्वांत मूल पुष्कळदा खुब्याकडे बोट न दाखवता गुडघा दुखतो असे सांगते, कारण दोन्ही सांध्यांना जाणाऱ्या मज्जातंतूंचा मार्ग सामाईक आहे. गुडघ्याची क्ष-किरण तपासणी निर्दोष आली म्हणून निश्चिंत राहू नये, खुबा तपासावा. हेच प्रौढांनाही लागू आहे.

आपल्या पश्चिम मध्यप्रदेशातील झाबुआ, अलिराजपूर भागांतील आदिवासी कुटुंबांत सिकल सेलचा विकार आढळतो. त्या विकारात तरुण वयातच खुब्याच्या हाडाचे डोके निर्जीव होऊ शकते. स्टेरॉइडच्या दीर्घ वा मोठ्या मात्रांनीही असे घडते. पंचविशीतील माणसाच्या हातात काठी देऊन मोकळे होणे योग्य नव्हे.

पोलिओ झालेल्यांचाही उल्लेख केला पाहिजे. आम्ही शिकत होतो तेव्हा एक हात मांडीवर दाबून चालणारी मुले बालरोग विभागात दिसत. भारतातील शेवटचा नैसर्गिक पोलिओचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला प्रदेश पोलिओमुक्त घोषित झाला. परंतु ती मुले आता चाळिशी-पन्नाशीत आहेत. इतक्या वर्षांनी त्यांच्यात नव्याने अशक्तपणा व वेदना येऊ शकतात आणि तेव्हा योग्य आधार देण्याची जबाबदारी आपलीच आहे.

वृद्धांच्या बाबतीत काही खुणा तातडीच्या समजाव्यात. पडल्यानंतर खुबा किंवा जांघ दुखणे (हाड मोडूनही कधी कधी माणूस चार पावले चालतो), सांधा गरम होऊन ताप येणे, रात्री झोपमोड करणारी सततची वेदना, पायातील शक्ती एकाएकी जाणे किंवा लघवीवरील ताबा सुटणे. येथे काठी नको, डॉक्टर हवा.

काठीचा संकोच

या सर्वांहून अवघड प्रश्न मात्र मनाचा आहे. आपल्या भाषेत मुलाला ‘म्हातारपणाची काठी’ म्हणतात. पण खरी काठी हातात घ्यायला आपण लाजतो. माझे एक मामा निवृत्त मुख्याध्यापक होते. डावा खुबा झिजला होता. काठीचे नाव काढले की म्हणत, ‘‘अरे, काठी घेतली की माणूस संपला असं लोक धरून चालतात.’’ ते मामींच्या खांद्यावर हात ठेवून चालत. एका संध्याकाळी अंगणात त्यांचा तोल गेला आणि दोघेही पडले. मामांना खरचटण्यावर भागले, मामींचे मनगट मोडले. माणूस हा माणसाचा आधार खरा, पण वजन टेकायला काठीच हवी.

याउलट एक अनुभव सांगतो. नातवाला लस देण्यासाठी सत्तरीच्या एक आजी येत. उजवा खुबा दुखायचा आणि काठी उजव्याच हातात. मी म्हटले, ‘‘आजी, काठी डाव्या हातात घेऊन पाहा बरं.’’ त्या हसून म्हणाल्या, ‘‘अहो डॉक्टर, दुखतो उजवा पाय. डाव्या हाताला काय झालंय?’’ मी त्यांना कावडीचा हिशेब सांगितला, काठी दोन बोटे आखूड करून आणायला सांगितली आणि दवाखान्याच्या ओसरीतून चार फेऱ्या मारायला लावल्या. नातू मोठ्याने ‘काठी-पाय, काठी-पाय’ असा ताल धरत होता. पुढच्या लशीच्या वेळी त्या आल्या तेव्हा काठी डाव्या हातात होती. नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडायला पुन्हा आपणच जातो, हे त्यांनी न विचारता सांगितले. भजनी मंडळातही त्या पुन्हा जाऊ लागल्या होत्या. त्यांचा सांधा होता तसाच झिजलेला होता. चालणे मात्र परत आले होते.

काठी टाळणारा माणूस धडधाकट राहत नाही. तो घरी बसतो. चालणे थांबले की मांडीचे स्नायू आणखी दुबळे होतात, हाडे विरळ होतात, वजन वाढते आणि गाठीभेटी तुटतात. काठी हे या उताराला थांबवण्याचे साधन आहे.

माझ्या व्यवसायबंधूंना शेवटी एवढीच विनंती. औषधाच्या चिठ्ठीवर ‘काठी वापरावी’ इतकेच न लिहिता कोणता हात, किती लांबी आणि कोणता पाय आधी, या तीन गोष्टी मराठीत किंवा हिंदीत लिहून द्याव्यात. शक्य तेथे भौतिकोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे. नसेल तेथे रुग्णाला आपल्यासमोर दहा पावले चालायला लावावे. पाच मिनिटांचे काम आहे. आणि वाचकहो, आज घरी गेल्यावर आपल्या घरातील काठी एकदा हातात घेऊन पाहा. मूठ मनगटाशी येते का, तळाची टोपी झिजली आहे का, आणि ती वापरणाऱ्याच्या नेमक्या कोणत्या हातात आहे, हे तपासा. चुकीच्या हातात असेल तर प्रेमाने, कारण समजावून सांगून, ती बदलून द्या.